नंदाला पाठवलेली डबी

शिरूरच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझी बॅग शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. चाकांची बॅग होती, ओढता आली असती, पण ते ती दोन्ही हातांनी धरून उभे होते. पुण्याची गाडी लागली होती. पुण्याहून मुंबई, आणि मुंबईहून विमानानं शारजा. आई माझ्या ओढणीचं टोक उगाच नीट करत होती. "तिकडं पोटाला खात जा," एवढंच तिनं तीनदा सांगितलं.

धाकटी बहीण नंदा मात्र रडली नाही. माझा कुर्ता तिनंच शिवला होता आणि त्याला आतून पासपोर्ट मावेल एवढा कप्पा लावला होता. मी गाडीत चढताना तिनं वरूनच कप्प्यावर हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "आक्का, तिकडं काय चांगलं मिळालं तर आधी मला सांग."

मी एकतीस वर्षांची होते, ती तेवीस. गाडी रांजणगाव ओलांडेपर्यंत मला काही दिसत नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण वारलं का? मी म्हणाले, नाही, कामाला चाललेय.

हे मी घरच्यांसाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्या ज्या बाया घर सोडून कुठंकुठं पोटाला लागल्या आहेत, त्यांच्यासाठीही. नंदाच्या परवानगीनं लिहितेय. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, पण खरं लिहा.

आमची वस्ती इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. आप्पा शेवंती, झेंडू आणि पालेभाजी करतात. विसाव्या वर्षी माझं लग्न दौंडला झालं आणि चार वर्षांत मोडलं. का मोडलं ते इथं सांगत नाही; नवऱ्याला मी नको होते, एवढं पुरे. मोडल्यावर मी वस्तीवर परत आले नाही. मामा रेल्वेत होते, दौंडच्याच रेल्वे कॉलनीत त्यांचं क्वार्टर होतं, तिथं राहिले. मामीनं मला स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये शिकायला घातलं. भुवया कोरणं, वॅक्सिंग, फेशियल, नवरीचा मेकअप. हात हलका होता, शिकले लवकर. सहा-सात वर्षं तिथंच काढली. एका गिऱ्हाइकाची नणंद शारजात सलून चालवत होती, तिला मराठी-हिंदी बोलणारी बाई हवी होती. असं माझं जाणं ठरलं.

गावाकडं सणाला गेले की बाया माझ्याशी बोलायच्या, पण आवाज खाली घेऊन. हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, हा त्यांना दरवेळी प्रश्न पडायचा. मी शारजाला गेले त्यात पगार होताच, पण त्या खाली घेतलेल्या आवाजापासून लांब जायचं होतं, हेही खरं.

शारजात आम्ही चौघी एका रूममध्ये. दोघी केरळच्या, एक नेपाळची मैना, आणि मी. सलूनमध्ये सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्रीपर्यंत. एक ऑफ आठवड्याला, तोही गर्दी असली की रद्द. गॅस एकच, त्यावर पाळी. पहिल्या महिन्यात मी हौसेनं ज्वारीचं पीठ आणलं, दोनदा भाकरी थापली, मग पीठ तसंच किडलं. त्यानंतर पाकिटं. गरम पाणी ओतलं की तीन मिनिटांत उपमा, पाच मिनिटांत डाळभात. पाकीट फोडायचं, उभ्यानं खायचं, शिफ्टला पळायचं. आई फोनवर विचारायची, काय जेवलीस? मी म्हणायचे, भाकरी आणि मेथी. ती खूश व्हायची. मला वाटायचं, एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतंय.

नंदा वस्तीवर शिवणकाम करायची. बारावीनंतर शिरूरला सहा महिन्यांचा क्लास केला होता, घरी पायमशीन होतं, त्याला तिनं मोटर बसवून घेतली होती. तिच्या हातचं ब्लाऊज कधी काखेत ओढायचं नाही की खांद्यावरून उतरायचं नाही. मी जाताना ती जे बोलली होती, ते मी मनावर घेतलं होतं. ऑफच्या दिवशी स्वस्त वस्तूंच्या दुकानांत तासन्‌तास फिरायचे. टाचण्या धरून ठेवणारी लोहचुंबकाची वाटी मिळाली. लपलेली चेन बसवायचा मशीनचा फूट मिळाला. कापडावर खूण करून पाण्यानं पुसता येणारं पेन मिळालं. आईला गुडघ्याला लावायचं तेल, आप्पांना दाढीचा साबण, शेजारच्या काकूंना टाचेच्या भेगांचं मलम. पुण्याकडं कुणी निघालं की त्याच्या सामानात माझी एक पिशवी असायची. तयार उपम्याची पाकिटं मी मुद्दाम टाकायचे. बाजारला जाणारी फुलांची पिकअप भरायच्या गडबडीत आईला चूल पेटवायला नको, म्हणून.

वस्तीवर त्या वस्तूंना 'आक्काची वस्तू' म्हणायला लागले. व्हिडिओ कॉल लावला की नंदाच्या मागं चार बाया उभ्या. आक्का, केस गळतात, काय लावू? आक्का, पोरीला पिंपल आल्यात. आक्का, ते पेन अजून एक मिळंल का? माझ्यासमोर आवाज खाली घेणाऱ्या त्याच बाया. आता मी सांगेन ते खरं होतं. तो मान मला फार गोड लागला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नंदा रंगानं सावळी. आप्पांवर गेली आहे. नाकडोळे रेखीव, दात मोत्यासारखे, पण स्थळं यायची, चहा-पोहे व्हायचे आणि निरोप यायचा की मुलगी चांगली आहे, बघतो, कळवतो. तिसऱ्या निरोपानंतर आई फोनवर म्हणाली, "सुमे, तू एवढ्या बायांची तोंडं उजळतीस. आपल्या नंदीचं बघ की काहीतरी."

नंदानं स्वतः कधी मागितलं नाही. आईच्या हातातून फोन घेऊन ती एवढंच म्हणाली की, असंल तर धाड, नसंल तर राहू दे.

होतं. आमच्या सलूनमध्ये एक क्रीम मिळायची, मालकीण मॅडम आतल्या खोलीत तीन-चार ट्यूब एकत्र करून कालवायच्या. पांढरी प्लॅस्टिकची डबी, पिवळं झाकण, वर काही लिहिलेलं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच द्यायच्या. झोपताना लावायची. महिन्याभरात चेहरा असा उजळायचा की बाई स्वतःच आरशापुढून हलायची नाही. पण मी हेही बघत होते की त्याच बाया चार-पाच महिन्यांनी लाल तोंड घेऊन परत यायच्या, आणि मॅडम त्यांना दुसरी डबी द्यायच्या, की पुन्हा सगळं गुळगुळीत. मी एकदा बोट बुडवून वास घेत होते, तेव्हा मैनानं माझा हात धरला. "दीदी, ये अपने मुँह पे मत लगाना। छोड़ो तो मुँह जलता है।"

मी बोट रुमालाला पुसलं.

आणि दोन महिन्यांनी त्यातल्या दोन डब्या नंदाला पाठवल्या.

त्या दिवशी मी मनाशी काय बोलले, ते मला नीट आठवतं. लग्न ठरेपर्यंतच लावायची आहे. थोडी लावली तर काय होतंय. उन्हात जाऊ नको म्हणून सांगू. पाठवली नाही तर आई म्हणेल, जगाचं बघती, बहिणीचं बघत नाही. असं सगळं बोलले. मैना काय म्हणाली, ते नंदाला सांगितलं नाही.

पाच आठवड्यांत नंदा बदलली. फोटो आला तेव्हा मला क्षणभर वाटलं, मोबाईलमध्ये रंग वाढवून काढलाय. गाल तांबूस पांढरे, कपाळ चकचकीत. वस्तीवर बाया म्हणायला लागल्या की शिवण उन्हात करत नाही ना, म्हणून उजळली. दौंडचं स्थळ आलं. मुलगा संदीप, एमआयडीसीत एका कंपनीत पर्मनंट, घरी आई आणि एक थोरली बहीण, तिचं लग्न झालेलं. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. त्याची आई जाताना नंदाची हनुवटी धरून म्हणाली, लक्ष्मी हाय.

लग्नाला मी दहा दिवस सुट्टी काढून आले. नवरीचा मेकअप दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हतेच. पाटावर तिला समोर बसवलं, चेहरा ओल्या कापसानं पुसला, आणि माझी बोटं थांबली. इतकी वर्षं मी बायांच्या चेहऱ्यांना हात लावलाय. ती कातडी आमच्या नंदाची नव्हती. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. गालावर बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि कानशिलापासून खाली कोवळी लव उगवली होती. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "आक्का, गार पाणी लावलं तरी चुरचुरतंय. असं होतं का?"

मी म्हणाले, होतं थोडं. कमी होईल.

तिच्या शिरा, लव, सगळं मी फाउंडेशनखाली झाकलं. मांडवात जो तो म्हणत होता, आक्कानं काय नवरी नटवली. पाठवणीच्या वेळी तिच्या पर्समध्ये मी आणखी दोन डब्या ठेवल्या. पहिल्यांदा पाठवताना मला थोडं माहीत होतं. त्या दिवशी सगळं माहीत होतं. तरीही ठेवल्या, कारण तेव्हा बंद केली असती तर महिन्याभरात चेहरा फुटला असता, आणि तो नव्या घरात फुटला असता.

तो तसाही फुटला. श्रावण संपता संपता डबी संपली. मी पाठवलेली पिशवी ज्याच्याकडं होती, त्याचं येणंच लांबलं. आठ दिवसांत तिचं तोंड सुजलं, लालभडक झालं, त्यावर पुरळ, त्यात पू. तव्याजवळ उभं राहता येईना. मला हे तेव्हा कळलं नाही. ती व्हिडिओ कॉल लावायचीच नाही, आणि मीच लावला तर फोन छताकडं करून ठेवायची. मला फिरणारा पंखा दिसायचा आणि तिचा आवाज ऐकू यायचा. बरी हाय मी, तू जेवलीस का?

आईकडून पुढं जे कळलं ते असं. सासूला वाटलं, अंगात काही रोग आहे. संदीपनं तिला तिथल्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लावत होता? नंदा म्हणाली, बाजारातली क्रीम. कुणी दिली, ते सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूनं कपाट उघडलं, रिकाम्या डब्या सापडल्या. मग मामा-मामींना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर म्हणाली, "आम्हाला एक पोरगी दाखवली आन् दुसरीच दिली."

बरी झाली की घेऊन जाऊ, असं सांगून त्यांनी नंदाला वस्तीवर आणून सोडलं. घ्यायला कुणी आलं नाही.

मी दिवाळीत सुट्टी टाकून आले. येताना नेहमीसारखी बॅग भरायला घेतली होती, पण काय भरावं ते सुचेना, आणि पहिल्यांदाच अर्धी बॅग घेऊन मी घरी आले. आई दारात होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला नाही. आत बोट दाखवलं.

नंदा मागच्या खोलीत मशीनवर बसली होती. डोळ्यांखाली ओढणी गच्च बांधलेली. गिऱ्हाईक बाया आता खिडकीतून कापड देत होत्या आणि मापाचं जुनं ब्लाऊज सोबत ठेवून जात होत्या, आत येत नव्हत्या. मी खाली सतरंजीवर बसले. ती अस्तराला टीप मारत होती, ती थांबली नाही. मी म्हणाले, ओढणी काढ, मला बघू दे. तिनं काढली. मी काय बघितलं ते लिहीत नाही. ज्यांनी असा चेहरा बघितलाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून नंदाला पुन्हा तिथं बसवायची नाही.

तिनं ओढणी परत बांधली आणि विचारलं, "आक्का, तू तुझ्या तोंडाला लावली होतीस का कवा?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. भाकरी आणि मेथी म्हणण्याइतकं सोपं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई. रूममधल्या बाईनं सांगितलं होतं, लावू नको म्हणून."

तिनं टीप पूर्ण केली. दोरा दातानं तोडला. मग कापडाकडंच बघत म्हणाली, "डब्या घावल्या तवा मी सासूला सांगितलं होतं, माझी आक्का बी हीच लावती. तिला तर काय झालं न्हाई."

खिडकीशी एक बाई आली, परकर देऊन गेली. नंदानं तो घडी करून ठेवला.

संध्याकाळी मी आई-आप्पांना सगळं सांगितलं. मैनाचं बोलणंही सांगितलं. आप्पा ओट्यावर फुलांच्या क्रेट धूत होते, ते धुतच राहिले. आई उठली, फळीवरची माझी सगळी पाकिटं, उपम्याची, सूपची, दुधाच्या पावडरची, एका गोणीत भरली आणि गोणी माझ्या बॅगेशेजारी आणून ठेवली. आप्पा हात पुसत म्हणाले, "तुला ठावं होतं. हेच मला उमगंना झालंय, सुमे. ठावं होतं."

पुण्याला त्वचेच्या डॉक्टर बाईंकडं मी नंदाला घेऊन गेले. त्यांनी तिला विचारायच्या आधीच ओळखलं. म्हणाल्या, यात स्टेरॉइड असतं, कातडीला त्याची सवय लागते, आणि सोडलं की ती अशी बंड करते. आता तोंडाला काही लावायचं नाही, आम्ही देऊ तेवढंच. आधी अजून वाढेल, मग हळूहळू उतरेल. किती दिवस? वर्ष धरा, जास्तही लागेल. पहिल्यासारखी होईल का, असं नंदानं विचारलं नाही, मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, बरीच सुधारेल. पण कातडी नाजूक राहील.

परतीच्या एसटीत नंदा खिडकीशी बसली. उन्हाची बाजू होती म्हणून मी म्हणाले, इकडं सरक. ती सरकली नाही. शिक्रापूरला मी पाण्याची बाटली घेतली, ती तिनं घेतली. एवढंच.

शारजाला मी परत गेले नाही. नोटीस, व्हिसा, राहिलेला पगार, ते सगळं फोनवर जसं निस्तरलं तसं निस्तरलं. मैनाला मी सांगितलं तेव्हा ती पलीकडून रडली. ती म्हणाली, दीदी, मैंने तो बोला था. हो, बोलली होती.

मग मी मामांना घेऊन संदीपच्या घरी दौंडला गेले. चहा आला नाही. मी उभ्यानंच सांगितलं की नंदाला कसलाही रोग नाही, क्रीम मी पाठवली, ती वाईट आहे हे मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. शिक्षा द्यायची तर मला द्या, तिला घेऊन या. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी रंग बी तुमचाच व्हता आन् हे बी तुमचंच. आमचं ह्यात काय हाय?" संदीप दाराशी उभा होता, मोबाईल हातात उलटासुलटा करत. त्यानं वर बघितलं नाही.

तो आला, पण वर्षानं. तोवर नंदाची सूज उतरली होती, पुरळ गेलं होतं, गालांवर आणि कपाळावर काळपट-तांबूस चट्टे होते. त्या दिवशी मी वस्तीवर होते. त्यानं अंगणात बसून आप्पांना सांगितलं की आई तयार आहे, घेऊन जायला आलोय. आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ती आत नंदाची पिशवी भरायला निघाली. नंदा बाहेर आली. ओढणी नव्हती. तिनं त्याला विचारलं, "पाहुणे आल्यावर मी बाहेर यायचं का आतच बसायचं?"

संदीप म्हणाला, बघू, थोडे दिवस. चट्टे जाईपर्यंत.

"आन् न्हाई गेलं तर?"

वाईट माणूस नव्हता तो. त्याला त्याचं उत्तर माहीत होतं आणि ते म्हणवत नव्हतं. नंदानं त्याला चहा करून दिला, कप परत घेतला आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. संदीप गाडी वळवून गेला तरी ती तशीच उभी होती. पुढं वकिलामार्फत कागद झाले.

मी आता दौंडला राहते. मामा रिटायर होऊन गावी गेले, मी स्टेशनपलीकडं एक खोली भाड्यानं घेतली आहे. कोणाच्या चेहऱ्याला हात लावायचं काम सोडलं. एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत पॅकिंगला जाते. तयार उपमा, तयार पोहे, पाकिटं भरून सील करायची. बिहारच्या आणि यूपीच्या बाया सोबत आहेत, दिवसभर हिंदीच बोलते. मागच्या महिन्यात त्यातली एक घरी पाठवायला बहिणीसाठी क्रीम घेऊन आली, आक्का, ये अच्छी है क्या, म्हणून मला दाखवायला. मी हातात घेतली, आणि तिला जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मागं नेऊन सगळं सांगितलं. ती घाबरली. टाकून दिली की पाठवली, मला माहीत नाही.

तुम्ही ज्या गेलात, त्यांना एवढंच सांगायचं आहे. आपण घरी राहत नाही, आजारपणात उशाशी नसतो, म्हणून पिशव्या भरतो. पिशवी उघडताना त्यांचे चेहरे बघितले की वाटतं, आपण अजून घरातल्या आहोत. त्या ओढीत हात काय उचलतोय, ते बघा. आणि तुम्ही जे मागं राहिलात, तुम्ही आमच्या वस्तूवर लांबून आलीय म्हणून विश्वास ठेवता. विचारत जा. तू लावलीस का, तू खाल्लंस का, असं तोंडावर विचारत जा.

शारजाहून वस्ती तीन तासांचं विमान आणि पुढं पाच-सहा तासांचा रस्ता होती, पण फोन लावला की मी घरात असायचे. दौंडहून शिरूर दोन तासांवर आहे. महिन्यातून एकदा जाते. आई जेवायला वाढते, पाहुण्यांना वाढतात तसं, आग्रह करून, आणि उष्टं ताट मला उचलू देत नाही. आप्पा पिकाचं सांगतात. शेवंतीला यंदा काय बाजार मिळाला, मोटर कशी जळाली.

नंदा आता शिरूरच्या दोन दुकानांचं काम घेते. हाताखाली दोन मुली आहेत. चेहऱ्यावरचे चट्टे बरेच फिके झालेत. उन्हात अजून जाता येत नाही आणि भाजी फोडणीला टाकताना मागं सरावं लागतं. माझ्याशी ती नीट बोलते. कधी टाकून बोलत नाही, तोंड फिरवत नाही. फक्त ती मला 'तुम्ही' म्हणते. आमच्यात थोरल्या बहिणीला कुणी तुम्ही म्हणत नाही. आक्का ये, आक्का बस, आक्का तू गप, असंच असतं. त्या मागच्या खोलीनंतर तिनं मला तू म्हटलेलं नाही.

गेल्या रविवारी गेले होते. दुपारी निघायला लागले तर ती मशीनवरून उठली आणि रस्त्यापर्यंत आली. ओढणी डोक्यावर होती, तोंडावर नाही. ट्रॅक्टरवरून जाणारी दोन माणसं वळून बघत गेली. तिनं बघू दिलं. मी म्हणाले, ऊन लागेल, जा तू. ती म्हणाली, येऊ द्या गाडी. आम्ही बाभळीच्या सावलीत उभ्या राहिलो. मी विचारलं, चुरचुरतं का अजून? ती म्हणाली, कधी कधी. मग मी तिला म्हणाले, नंदे, मला शिव्या दे एकदा.

तिनं माझ्याकडं बघितलं. "देऊन काय व्हईल, आक्का? तुम्ही जेवत जा येवस्थित. वाळलात."

गाडी आली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती वस्तीकडं निघाली होती, आपल्या नेहमीच्या चालीनं, भराभर. माझं घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी अजून तेच सांगते, इनामगावच्या अलीकडं, नदीकाठाला. आधार कार्डावरही तेच आहे. पण तिथं माझा मान वाढलाय, आणि तो मान मी कुणाला परत करू, ते मला कळत नाही.